समास

अर्ज सतरावा. पाकीट ओलसर, मासळीच्या वासाचं,
केउई बेटावरून गुरुवारच्या बोटीनं आलेलं.
आम्ही तिघे कास्त्रोत, वाचनालयाच्या वरच्या खोलीत,
मधे शेगडी, शेगडीवर किटली,
आणि भिंतीवर आमची पाटी:
निवडक पत्रकांचा संघ. सभासद अकरा.
बारावी जागा तीन वर्षं रिकामी आहे.
रिकामी आहे म्हणून तर तिला मान,
असं बेलार्मिनो म्हणतो.

नाव: एदुविना नावेल्कीन.
व्यवसाय: बटाटे, शेवाळ, आणि हे.
आपलं पत्रक किती जण वाचतात?
बोट वेळेवर आली तर नऊ-दहा. उशीर झाला तर सगळे.
पत्रकाचा दर्जा थोडक्यात सांगा.
भिजलं तरी वाचता येतं.

एर्सिलिया हसली. मीही हसलो,
मग उगाच किटलीचं झाकण नीट केलं.

नमुन्याचे तीन अंक जोडावेत, असा नियम.
तिनं जोडलेत. पण त्या प्रती नव्हेत.
ती एकच काढते, हातानं, दर सोमवारी,
आणि धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत
चार खिळ्यांवर लावते.
तेच कागद उतरवून पाठवलेत,
कोपऱ्यांना भोकं, भोकांभोवती गंज.

ओल्गाची डुकरीण व्याली. सात. एक लंगडं.
शेवाळाचा भाव पडलाय, विकू नका, थांबा.
वल्हं हरवलंय, निळ्या पट्ट्याचं.
ज्यानं नेलं त्यानं आणून द्यावं, रागावणार नाही.
आमची आई मंगळवारी गेली.
बटाट्याच्या ओळी अर्ध्याच काढून झाल्यात.

एवढंच. ना अग्रलेख, ना विशेषण.
पण कडेला, पेन्सिलीनं, कोळशानं,
कुठे तर नखानंच कोरलेलं:
लंगडं नाही, आळशी आहे.
वल्हं माझ्याकडे. चुकून आलं. तोरीबिओ.
त्याखाली दुसऱ्या हाताचं: चुकून?
आणि आईच्या ओळीपाशी, मोठ्या, लहान मुलासारख्या अक्षरात:
आम्ही सहा जण येतो. कुदळी आमच्या.

बेलार्मिनोनं चष्मा कपाळावर सरकवला.
नियम पाचवा, म्हणाला, समास स्वच्छ असावा.
इथे लिहिणारी कोण आणि लुडबुडणारे कोण,
काही पत्ता लागतो का?
एर्सिलियाचा हात वर गेला.
माझाही गेला.
कोणी दटावलं नव्हतं, सवयीनंच गेला,
पाऊस भुरभुरला की कॉलर वर जाते तसा.

सचिव मी. नकाराचं पत्र मीच लिहितो.
मजकूर ठरलेला आहे, फक्त नाव बदलायचं:
आपल्या प्रयत्नाचं कौतुक वाटतं, तथापि.
त्या 'तथापि'पाशी टाक थांबला
आणि मी कपाटातून माझे अंक काढले.
एकोणीस वर्षांचे, पुठ्ठ्यात बांधलेले.
एकेक पान उलटलं, दिव्यापाशी धरलं.
समास पांढरेशुभ्र.
एवढ्या वर्षांत एका माणसालाही वाटलं नाही
की मी चुकतोय.

रात्री मी तिच्या तिसऱ्या अंकावर
कडेच्या उरल्यासुरल्या जागेत, पेन्सिलीनं,
बारीक अक्षरात लिहिलं: भाव अजून पडेल. थांबा.
खरं तर शेवाळातलं मला ओ की ठो कळत नाही.
लिहिलं आणि सही केली नाही.

सकाळी पाकीट घेऊन धक्क्यावर गेलो.
वारा सुटलेला, बोट चार तास उशिरा.
बाकावर बसून होतो, पाकीट कोटाच्या आत,
आणि पाण्यापलीकडची ती पत्र्याची खोली
डोळ्यांसमोरून हलेना:
तिकडेही बोट उशिरा, म्हणजे सगळेच जमलेले,
ओल्या लोकरीचा वास, तोरीबिओ, ओल्गा,
आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे,
जिथे आज नुसते चार खिळे.